क्रॉनमध्ये गप्प बसणारी स्क्रिप्ट, हरवलेल्या फाइली आणि पर्लची सुरुवात

वाचकाचे पत्र:

"मी एका लहान कार्यालयातील संगणक आणि एक लिनक्स सर्व्हर सांभाळतो. प्रोग्रॅमिंगचे रीतसर शिक्षण झालेले नाही. माझ्याआधी हे काम पाहणारे सहकारी पर्लमध्ये लिहिलेल्या काही स्क्रिप्ट मागे ठेवून गेले, म्हणून पर्ल शिकायचे ठरवले. पुस्तक आणले, पण रेफरन्स आणि ऑब्जेक्टची प्रकरणे आली तेव्हा ते बाजूला पडले. मग इकडून तिकडून तुकडे जोडून दोन स्क्रिप्ट लिहिल्या. पहिली तीस दिवसांहून जुन्या लॉग फाइली पुसते. लॉगच्या फोल्डरमध्ये जाऊन मी हाताने चालवली की ती नीट चालते. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या व्यवस्थेत, लावली की काहीच पुसत नाही आणि तक्रारही करत नाही. दुसरी स्क्रिप्ट स्कॅन केलेल्या फाइलींना तारखेवरून नवी नावे देते. ती चालवल्यावर फोल्डरमधल्या फाइलींची संख्याच कमी झाली. आता फाइलींना हात लावणारे काहीही चालवण्याची भीती वाटते. त्यात एक मित्र म्हणतो की पर्ल ही मेलेली भाषा आहे, पायथन शीक. मी पुढे जावे का, आणि जायचे तर कसे?"

उत्तर:

आपण विचारलेल्या दोन्ही बिघाडांची कारणे आपल्या पत्रातच दडलेली आहेत आणि ती नीट समजून घेतली तर पर्ल कशी शिकावी याचे निम्मे उत्तर हाती येते. म्हणून पुस्तक कोणते घ्यावे या चर्चेत न शिरता थेट त्या दोन स्क्रिप्टकडे वळू. या सदरात आज्ञांची नावे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत लिहावयाची.

त्यापूर्वी आपल्या मित्राच्या आक्षेपाविषयी थोडेसे. लॅरी वॉल यांनी पर्ल १९८७ मध्ये प्रसिद्ध केली आणि आज वापरात असलेल्या पर्ल ५ चा आरंभ १९९४ चा आहे. २००० मध्ये पर्ल ६ ची घोषणा झाली, ते काम वर्षानुवर्षे लांबले, आणि अखेर ती एक निराळीच भाषा असल्याचे मान्य करून २०१९ मध्ये तिचे नाव राकू असे ठेवण्यात आले. "पर्ल संपली" या समजाला या लांबलेल्या प्रकरणाने बरेच खतपाणी घातले. प्रत्यक्षात पर्ल ५ च्या नव्या आवृत्त्या नियमाने निघत आहेत. नवे आणि मोठे काम चार जणांनी मिळून करायचे असेल आणि त्या चौघांना पायथन येत असेल, तर मीही पायथनच सुचवीन. आपली गोष्ट तशी नाही. आपल्यापुढे पर्लमधल्या चालू स्क्रिप्ट आहेत, त्या वाचता येणे ही आपली गरज आहे, आणि मजकुराच्या ओळी चाळणे, फाइलींची नावे बदलणे, जुने पुसणे ही कामे या भाषेला मनापासून जमतात. तेव्हा शिकावी.

आता क्रॉनमधली स्क्रिप्ट. आपण ती बहुधा अशी लिहिली असेल: 'ओपनडिर'ने लॉगचा फोल्डर उघडायचा, 'रीडडिर'ने एकेक नाव घ्यायचे, '-एम' या चाचणीने त्या फाइलीत शेवटचा बदल होऊन किती दिवस झाले हे पाहायचे, आणि उत्तर तीसहून अधिक आले की 'अनलिंक'ने ती पुसायची. मांडणी बरोबर आहे. गोम एवढीच आहे की 'रीडडिर' केवळ नाव देते, पूर्ण मार्ग देत नाही. फोल्डर कोणताही उघडलेला असो, हाती येते ते नुसते फाइलीचे नाव. आणि ते नाव '-एम'ला दिले की पर्ल ती फाइल स्क्रिप्ट ज्या फोल्डरमधून चालू आहे तेथे शोधते. आपण लॉगच्या फोल्डरमध्ये जाऊन स्क्रिप्ट चालवत होता, म्हणून दोन्ही फोल्डर योगायोगाने एकच होते. क्रॉन मात्र आपले काम सहसा वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधून सुरू करतो. तेथे त्या नावाची फाइल नसते, '-एम' काहीच मूल्य परत करत नाही, आणि पर्ल त्या "काहीच नाही"ची तुलना तीसशी करताना त्याला शून्य मानते. शून्य हे तीसहून मोठे नाही. त्यामुळे प्रत्येक फाइलीचे उत्तर "जुनी नाही" असे येते, काहीही पुसले जात नाही, आणि पर्लच्या दृष्टीने यात कोठेही चूक घडलेली नसते. होम फोल्डरमध्ये त्याच नावाची एखादी जुनी फाइल असती तर लॉगऐवजी तीच पुसली गेली असती, तेव्हा या गप्प बसण्याबद्दल एका परीने आभारच मानावेत.

दुरुस्ती एका ओळीची आहे. 'रीडडिर'कडून आलेल्या नावाच्या आधी फोल्डरचा पूर्ण मार्ग आणि तिरपी रेघ जोडून घ्यावी आणि पुढे सर्वत्र, म्हणजे चाचणीतही आणि पुसतानाही, तो जोडलेला मार्गच वापरावा. 'रीडडिर' एक टिंब आणि दोन टिंबे अशी दोन नावेही देते, पहिले त्याच फोल्डरचे आणि दुसरे त्याच्या वरच्या फोल्डरचे. त्यांना वगळण्यासाठी '-एफ' चाचणी आधी लावावी, म्हणजे साध्या फाइलीच पुढे जातील. '-एम'मधील एम मात्र मोठ्या अक्षरातला (M) आहे आणि ती चाचणी दिवस मोजते ते स्क्रिप्ट सुरू झाल्याच्या क्षणापासून मागे, अपूर्णांकासह. फाइलीच्या नावात कोणती तारीख आहे याच्याशी तिचा संबंध नाही. एखादी जुनी लॉग फाइल काल साध्या पद्धतीने कॉपी करून येथे ठेवली असेल, तर '-एम'च्या लेखी ती एक दिवसाची आहे.

पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी बाब. स्क्रिप्टच्या आरंभी 'यूज वॉर्निंग्ज' ही ओळ असती, तर पर्लने पहिल्याच फाइलीला "मूल्य नसलेली गोष्ट तुलनेत वापरली जात आहे" अशा अर्थाचा इशारा ओळीच्या क्रमांकासह दिला असता आणि आपले काही दिवस वाचले असते. तिच्या जोडीला 'यूज स्ट्रिक्ट' हवी. ती असली की 'माय' लावून जाहीर न केलेले व्हेरिएबल (मूल्य साठवणारे नाव) पर्ल चालूच देत नाही. नाव टाइप करताना एक अक्षर चुकले तरी स्क्रिप्ट सुरू होण्याआधीच थांबते. आपल्याकडे पर्लची ५.३६ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल, तर 'यूज व्ही ५.३६' या एका ओळीत दोन्ही गोष्टी येतात. ही आवृत्ती २०२२ ची आहे, त्यामुळे जुन्या सर्व्हरवर त्या दोन ओळी वेगवेगळ्या लिहाव्यात. इकडून तिकडून जमवलेल्या तुकड्यांत या ओळी पुष्कळदा नसतात, आणि त्या घातल्या की इशाऱ्यांची रांग लागते म्हणून लोक त्या काढून टाकतात. तसे करू नये. तो प्रत्येक इशारा वाचून त्याचे कारण शोधणे हाच आपला पहिल्या महिन्याचा अभ्यासक्रम समजावा. क्रॉनमध्ये मात्र स्क्रिप्टचे इशारे पडद्यावर दिसत नाहीत. ते मेलने पाठवण्याचा प्रयत्न होतो आणि मेलची व्यवस्था नसेल तर आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून क्रॉनच्या ओळीतच स्क्रिप्टचे आउटपुट आणि एरर दोन्ही एका फाइलीत वळवून ठेवावेत.

याच संदर्भात फाइल उघडण्याची रीत सांगतो, कारण जुन्या तुकड्यांत ती हमखास सदोष असते. 'ओपन'ला तीन गोष्टी स्वतंत्रपणे द्याव्यात: व्हेरिएबल, उघडण्याचा प्रकार आणि फाइलीचा मार्ग. प्रकार म्हणजे वाचण्यासाठी <, नव्याने लिहिण्यासाठी > आणि शेवटी भर घालण्यासाठी >>. यांपैकी मधले चिन्ह फाइल उघडताक्षणी तिच्यातील सगळा मजकूर रिकामा करते, हे हाताला कायम लक्षात राहू द्यावे. त्यानंतर 'ऑर डाय' लिहून संदेशात फाइलीचे नाव आणि $! हे व्हेरिएबल घालावे. फाइल सापडली नाही की परवानगी नाही, हे कारण त्यात मिळते. येथे 'ऑर'च्या जागी दोन उभ्या रेघा लिहिलेल्या आढळल्या आणि 'ओपन'ला कंस नसले, तर ती तपासणी निकामी असते, कारण दोन रेघांची पकड अधिक घट्ट असल्याने 'डाय' हे 'ओपन'शी न जोडले जाता शेवटच्या फाइलनावाशी जोडले जाते. नाव रिकामे नसल्यामुळे त्याची पाळी कधीच येत नाही. हे सगळे दर वेळी लिहिण्याचा कंटाळा येत असेल तर 'ऑटोडाय' हे पर्लबरोबरच येणारे मॉड्यूल (तयार कोडचा संच) घ्यावे. ते 'ओपन', 'रीनेम', 'अनलिंक' यांसारख्या आज्ञा फसल्या की स्क्रिप्ट स्वतःहून थांबवते.

आता हरवलेल्या फाइली. एका दिवशी स्कॅन केलेल्या पाच फाइली असतील आणि नवे नाव फक्त तारखेवरून बनत असेल, तर पाचही फाइलींना एकच नाव मिळते. पहिली त्या नावावर जाते. दुसरी त्याच नावावर गेली की पहिली नाहीशी होते. असे करत शेवटी पाचवी तेवढी उरते. लिनक्सवर 'रीनेम' ही आज्ञा आधीची फाइल अस्तित्वात आहे का हे विचारत नाही, तिच्या जागी नवी ठेवते आणि यशस्वी झाल्याचे कळवते. येथे 'ऑर डाय' किंवा 'ऑटोडाय' यांचाही उपयोग नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने सांगितलेले काम पार पडले आहे. गेलेल्या फाइली कचरापेटीतही मिळणार नाहीत. बॅकअप असेल तर त्यातून किंवा मूळ कागद पुन्हा स्कॅन करून, एवढेच दोन मार्ग आहेत.

ही स्क्रिप्ट पुन्हा लिहिताना चार गोष्टी कराव्यात. नव्या नावात तारखेपुढे अनुक्रमांक घालावा आणि तो 'स्प्रिंटएफ'ने तीन अंकी करून घ्यावा, म्हणजे यादीत दहा क्रमांक दोनच्या आधी येणार नाही. नाव बदलण्यापूर्वी '-ई' चाचणीने ते नाव आधीच घेतलेले नाही ना हे पाहावे आणि घेतलेले असेल तर ती फाइल तशीच सोडून इशारा छापावा. तारीख बनवण्यासाठी 'लोकलटाइम'च्या आकड्यांशी स्वतः झटापट करू नये. त्यात महिना शून्यापासून मोजला जातो आणि वर्षातून १९०० वजा केलेले असतात, त्यामुळे जानेवारीचा शून्यावा महिना होऊन बसतो. पर्लसोबत येणारे 'टाइम पीस' (Time::Piece) मॉड्यूल हे काम सरळ करते.

चौथी गोष्ट सर्वांत मोलाची, आणि आपली भीती जाईल ती हिच्यामुळेच. फाइली बदलणारी किंवा पुसणारी कोणतीही स्क्रिप्ट आधी अशी लिहावी की ती काहीही करणार नाही, फक्त काय करणार आहे ते छापेल: जुने नाव, बाण, नवे नाव, किंवा "पुसणार" आणि पूर्ण मार्ग. ती यादी डोळ्यांखालून घालावी. आपल्या स्कॅनच्या फोल्डरवर अशी यादी छापली असती, तर उजव्या बाजूला एकच नाव पाच वेळा दिसले असते आणि प्रश्न तेथेच उघडा पडला असता. पटले की मग 'गेटऑप्ट लाँग' (Getopt::Long) या मॉड्यूलच्या मदतीने एक स्विच, म्हणजे स्क्रिप्ट चालवताना तिच्या नावापुढे लिहायचा पर्याय, ठेवावा, आणि तो स्विच दिला तरच खरी कृती होईल अशी व्यवस्था करावी. हे उलटे करू नये. म्हणजे नुसती यादी मागण्यासाठी स्विच आणि एरवी खरी कृती, असे नको. घाईत माणूस स्विच विसरतो, आणि तो विसरला तर काही बिघडू नये. यादी पाहायची सवय लागली की 'रीडडिर'चा मघाचा घोळही लगेच दिसतो, कारण छापलेल्या नावाआधी फोल्डरचा मार्ग नसतो.

राहिला प्रश्न अभ्यासाच्या क्रमाचा. पुस्तक आपण चुकीच्या वेळी सोडलेले नाही. रेफरन्स आणि ऑब्जेक्ट यांच्यावाचून रोजची कामे बराच काळ भागतात. आधी फक्त वाचणाऱ्या स्क्रिप्ट लिहाव्यात. लॉग फाइल उघडायची, 'व्हाइल'च्या फेऱ्यात एकेक ओळ घ्यायची, 'चॉम्प'ने तिच्या शेवटचे नव्या ओळीचे चिन्ह काढायचे आणि हवी ती ओळ छापायची. सबंध फाइल एकदम ॲरेत (मेमरीतल्या यादीत) ओतण्याचा मोह टाळावा. लहान फाइलीला ते चालते, पण काही गिगाबाइटच्या लॉगला सर्व्हरची मेमरी पुरत नाही, उलट ओळीओळीने वाचणारी स्क्रिप्ट कोणत्याही आकाराची फाइल तेवढ्याच मेमरीत पार करते. त्यानंतर हॅश, म्हणजे किल्ली आणि तिचे मूल्य अशा जोड्यांचा साठा, शिकावा, आणि तोही मोजण्यासाठी: कोणत्या पत्त्यावरून किती वेळा लॉगिन फसले, कोणती एरर किती वेळा आली. ओळीतला हवा तो भाग किल्ली म्हणून घ्यायचा आणि तिचे मूल्य एकाने वाढवायचे, एवढ्यावर बहुतेक अहवाल तयार होतात. माझ्या मते पर्लची खरी गोडी येथे लागते.

रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात शोधायचे नमुने लिहिण्याची पद्धत, एकदम सगळे शिकण्याच्या मागे लागू नये. अंक, शब्दातली अक्षरे, रिकामी जागा, "एक किंवा अधिक", ओळीचा आरंभ आणि शेवट, आणि कंसाने भाग वेगळा काढणे, एवढे आले की लॉगचे काम चालते. फक्त एक सापळा आताच ओळखून ठेवावा. कंसातला भाग डॉलर-एक या व्हेरिएबलमध्ये येतो. परंतु जुळणी झालीच नाही तर ते व्हेरिएबल रिकामे होत नाही, त्यात आधीच्या यशस्वी जुळणीचे मूल्य तसेच राहू शकते. मग एका ओळीचा पत्ता दुसऱ्या ओळीच्या नावावर मोजला जातो, अहवाल तर निघतो, पण खोटा निघतो. म्हणून जुळणी नेहमी 'इफ'च्या अटीत लिहावी आणि डॉलर-एकचा वापर त्या 'इफ'च्या आतच करावा.

ओळीत बदल करण्याची वेळ आली की आपल्याला कमांड लाइनवरच्या एका ओळीच्या पर्लची ओळख होईल. '-एन' प्रत्येक ओळीवर कृती करते, '-पी' तेच करून प्रत्येक ओळ छापतेही, '-आय' मूळ फाइलच बदलते आणि '-ई'च्या पुढे प्रत्यक्ष आज्ञा येते. शेकडो फाइलींतला एक जुना सर्व्हर-पत्ता बदलण्यासाठी याहून सोपे साधन मला ठाऊक नाही. मात्र '-आय'ला लगोलग टिंब आणि एखादे विस्तारनाव जोडावे, म्हणजे मूळ फाइल त्या विस्तारनावासह बाजूला राहते. नुसत्या '-आय'ने कोणतीही प्रत उरत नाही.

दुसरे प्रोग्रॅम चालवण्याची घाई करू नये. फाइल कॉपी करण्यासाठी किंवा एका डिस्कवरून दुसरीवर हलवण्यासाठी पर्लसोबत 'फाइल कॉपी' (File::Copy) हे मॉड्यूल येते. 'रीनेम' निराळ्या फाइल सिस्टिमवर फाइल नेऊ शकत नाही, ते काम त्यातील 'मूव्ह' करते. 'सिस्टिम' वापरावीच लागली तर आज्ञा आणि तिचे घटक सलग एका ओळीत न देता स्वल्पविरामांनी वेगळे द्यावेत, म्हणजे मध्ये शेल (आज्ञेच्या ओळीचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम) येत नाही आणि नावात रिकामी जागा असलेली फाइल दोन तुकड्यांत फुटत नाही. शिवाय 'सिस्टिम' यश आल्यावर शून्य देते, आणि पर्लमध्ये शून्य म्हणजे असत्य. 'सिस्टिम'च्या पुढे सवयीने 'ऑर डाय' लिहिले तर काम फत्ते झाल्यावरच स्क्रिप्ट मरते.

मराठी मजकूर असलेल्या फाइली हाताळणार असाल तर 'ओपन'च्या प्रकारात यूटीएफ-८ एन्कोडिंगचा उल्लेख करावा, आणि छापण्याच्या बाजूलाही करावा. तो नसला तर पर्ल अक्षरांऐवजी बाइट मोजते: "मराठी" या शब्दाची लांबी पाचऐवजी पंधरा येते आणि शब्द कापायला गेलात तर अक्षराच्या मध्येच सुरी चालते.

या सगळ्यासाठी लागणारे संदर्भसाहित्य आपल्या सर्व्हरवर असण्याची शक्यता आहे. 'पर्लडॉक'ला '-एफ' आणि आज्ञेचे नाव दिले की तिचे वर्णन मिळते. 'रीडडिर'चे वर्णन उघडलेत तर मार्ग जोडून घ्यावा लागतो हा इशारा तेथे लिहिलेलाच सापडेल. आरंभासाठी 'पर्लइंट्रो' हे पान पुरेसे आहे. डेबियन आणि त्यावर आधारलेल्या लिनक्समध्ये ही पाने वेगळ्या पॅकेजमधून बसवावी लागतात.

सहकाऱ्यांनी मागे ठेवलेल्या स्क्रिप्टना आज हात लावू नये. त्या चालत आहेत. सर्व स्क्रिप्टमध्ये 'अनलिंक', 'रीनेम', 'सिस्टिम' आणि > चिन्हाने उघडलेल्या फाइली कोठे आहेत ते शोधून त्यांची यादी करावी, हे शोधकाम पर्लच्या एका ओळीने होईल आणि सरावही होईल. मग त्या यादीतील एकेका स्क्रिप्टची प्रत काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी, प्रतीत 'यूज वॉर्निंग्ज' घालावी, '-सी' देऊन ती न चालवता तपासावी, आणि पुसणाऱ्या व नाव बदलणाऱ्या प्रत्येक ओळीच्या जागी छापणारी ओळ लिहून नमुन्याच्या फाइलींवर ती काय छापते ते पाहावे. 'यूज स्ट्रिक्ट' जुन्या स्क्रिप्टला लगेच लावू नये. व्हेरिएबल जाहीर न करता लिहिलेली असली तर ती सुरूच होणार नाही, आणि इतक्यात तेवढे निस्तरण्याची आपल्याला गरज नाही.